वरचा डबा, खालचा डबा

वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर मी लिफ्ट चालवतो.
लिफ्ट म्हणजे तिरक्या रुळांवरचे दोन लाकडी डबे;
एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो,
एकाच दोराला दोघं बांधलेले.
म्हणून वजनातलं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत.

फाकुंदोला पाच पूर्ण झाली त्या आठवड्यात
दवाखान्यातल्या ओदिलेबाई
कागदावरच्या वाकड्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या,
पोर रेघेच्या बरंच वर गेलंय.
हळूच म्हणाल्या.
तरी काट्यावर उभा असलेला तो
माझ्याकडे बघायला लागला,
आपल्या हातून काही फुटलं की काय, अशा नजरेनं.

मी म्हटलं, बाळसं आहे, उतरेल.
आमच्या तीन पिढ्या बोटींवर माल चढवणाऱ्या.
गुबगुबीत पोर म्हणजे चूल पेटती असल्याची खूण.
संपाच्या वर्षी माझा बाप
कांद्याच्या पाण्यात शिळा पाव बुडवून वाढला,
मी माझ्या पोराला अर्ध्या ताटावरून उठू देऊ?

बाई रागावल्या नाहीत.
"उपाशी ठेवायला कोण सांगतंय?
वजन उतरवायचं नाहीच त्याचं.
आहे तिथं जरा थोपवायचं.
उंची येतेय मागून, धापा टाकत.
तिला गाठू द्या."

आमच्याकडे खाऊच्या पुड्यांवर काळे अष्टकोन छापतात,
साखर जास्त, मीठ जास्त, असं सांगणारे.
फाकुंदो ते पदकांसारखे मोजायचा:
"बाबा, तीनवालं घे ना!"
मीही घ्यायचो.

हासिन्तानं भाषण केलं नाही.
फक्त ताटल्या लहान आणल्या, सगळ्यांच्याच,
जेवताना टीव्ही बंद,
आणि टेबलावरची रंगीत बाटली जाऊन पाण्याचा तांब्या आला.
पहिल्याच आठवड्यात मी मशीनच्या खोलीत
चोरून एक बाटली प्यायलो.
घरी आल्यावर ढेकरेनं घात केला.
पोरगं काही बोललं नाही,
नुसतं बघत राहिलं. ते जास्त लागलं.

शेजारच्या दोन्या इर्माला सांगणं सगळ्यात जड गेलं.
चाळीस वर्षं माया म्हणजे
पावावर बोटभर आटवलेलं गोड दूध,
दुसरी भाषा तिला येत नव्हती.
आठ दिवस तिनं दार लावून घेतलं.
नवव्या दिवशी मटाराची टोपली घेऊन पायरीवर बसली,
त्याला सोलायला लावलं.
चार टोपलीत, एक तोंडात.

आणि जिना.
एकशे बासष्ट पायऱ्या, माझ्या रुळांना लागून.
ठरलं होतं, मी डब्यातून, तो पायांनी.
पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर बसून रडला.
माझा डबा त्याच्या शेजारून गेला,
काचेतून त्याचं तोंड दिसलं,
आणि डब्याला मधे थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दांडा बाउदिलिओच्या हाती दिला
आणि चढलो त्याच्याबरोबर.
सत्तराव्या पायरीवर देवमासा रंगवलाय,
शंभराव्यावर एक आंधळा कुत्रा झोपतो,
एवढ्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.
एकशे दहाव्यावर मीच बसलो.
"दम खा बाबा," तो म्हणाला,
"घाई नाही, असं बाई म्हणाल्यात."

सहा महिन्यांनी काटा तिथंच.
माझं तोंड पडलं. म्हटलं, काहीच नाही?
ओदिलेबाईंनी त्याला भिंतीला टेकवलं,
डोक्यावर पट्टी ठेवली,
आकडा लिहिला, कागद माझ्याकडे फिरवला.
मला रेघा कुठे वाचता येतात.

बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं,
"मी जिंकलो का?"
काय सांगावं सुचेना.
शाळेतल्या मित्राचा वाढदिवस होता,
केकचा तुकडा खाऊन, ओठ पुसत
तो जिन्याकडे पळाला.

मागून पाहिलं,
विजारीखाली दोन्ही घोटे उघडे.
गेल्या हिवाळ्यात हीच विजार
हासिन्तानं खालून दुमडून शिवली होती.